ऐकलं ते परत सांगा

"चूक. उंची तीन हजार. पुन्हा सांगा."

देवमनने हे माइकमध्ये अगदी शांतपणे सांगितलं. शेजारच्या खोलीत वैमानिकाचं सोंग घेऊन बसलेल्या परीक्षकांनी निमूटपणे "उंची तीन हजार" म्हटलं. "बरोबर," देवमन म्हणाला आणि त्याची परीक्षा संपली.

साल १९५८. अकोल्याजवळच्या धावपट्टीवर रेडिओ ऑपरेटरची एक जागा भरायची होती. काम म्हटलं तर सोपं. जमिनीवरून एकेक आकडा सुटा उच्चारून सूचना द्यायची. वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. त्याने चुकीची म्हटली, तर तिथल्या तिथे टोकायचं. आपण गप्प बसलो की ती चूकच खरी धरली जाते, आणि विमान जातं डोंगरावर. परीक्षक मुद्दाम तीन चुका करत. सकाळपासून आलेल्या उमेदवारांपैकी कुणी एक पकडली, कुणी दोन. साहेबालाच चूक म्हणायला भल्याभल्यांची जीभ रेटत नव्हती. बार्शीटाकळीच्या देवमनने मात्र तिन्ही पकडल्या.

परीक्षक साहेब बाहेर आले ते खुशीतच. "जागा राखीव आहे, आणि तुमचीच आहे," असं म्हणत त्यांनी अर्ज पुढे ओढला. देवमनचा ऊर भरून आला. त्याला मॅट्रिक करण्यासाठी त्याची आई भागीरथा बारा वर्षं कापसाच्या जिनात मजुरी करत होती. आता तिला घरी बसवता येणार होतं.

साहेब अर्ज भरता भरता मोठ्याने वाचू लागले. "देवमन श्रावण वानखडे. मॅट्रिक पास. धर्म हिंदू, जात महार. बरोबर?"

"चूक हाय, साहेब. धर्म बौद्ध. छप्पन साली आमी सगळ्यायनं नागपूरले दीक्षा घेतली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. इकडे तिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"अहो, बौद्ध लिहिलं तर राखीव जागा मिळत नाही. तसा नियमच आहे. कागदावर जुनंच राहू द्या, घरी काय पाळायचं ते पाळा. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये. मी पुन्हा वाचतो. तुम्ही नुसते गप्प बसा."

आणि त्यांनी खरंच पुन्हा वाचलं. धर्म हिंदू. जात महार.

नुसतं गप्प बसायचं, एवढंच होतं. देवमनला ही नोकरी हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"चूक," तो म्हणाला.

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. मग चिडूनच म्हणाले, "तर मग नीट ऐका. ही जागा तुम्हाला मिळणार नाही."

देवमन ताठ उभा राहिला. एकेक शब्द सुटा, स्वच्छ उच्चारत त्याने परत म्हणून दाखवलं.

"ही जागा मले मिळणार नाही. बरोबर ऐकलं ना, साहेब?"