उडून गेलेला वास

लोर्ना बाउटिस्टाने डब्याचं झाकण दाबून बसवलं, खिडकी उघडली आणि रुमालाने डोळे पुसले.

"आता रडायला काय झालं, पोरी?" डीकन एझेल प्रुइटने विचारलं. चर्चची देखभाल करणारा, सत्तरी उलटलेला माणूस, हातात ब्रश. समोर प्रवचनाचं व्यासपीठ अर्धं चमकत होतं, अर्धं कोरडं होतं.

लोर्ना हवाखात्याची, म्हणजे हवेतलं प्रदूषण रोखणाऱ्या खात्याची, तपासनीस. दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या या चर्चच्या मागे राहणाऱ्या बाईने तक्रार केली होती, की दोन दिवसांपासून वासाने डोकं उठलंय. लोर्ना आली तेव्हा डीकनने तिला मागच्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, थंड चहा दिला आणि मग म्हणाला, तुमच्या खात्याचं काम बरं, पगार घेऊन हवा खायची.

डबा त्याने लपवला नव्हता. अठरा वर्षांपूर्वीचं व्हार्निश, नियम कडक व्हायच्या आधी घेतलेलं, आजवर गॅरेजमध्ये जपलेलं. लिटरमागे किती ग्रॅम वाफ सुटते तो आकडा डब्यावर छापला होता, आणि तो आजच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होता. ही वाफ वर जाते, उन्हात तिचं धुरकं होतं, आणि तेच मग लोकांच्या छातीत उतरतं, हे लोर्नाने त्याला नीट सांगितलं. त्यानेही नीट ऐकून घेतलं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं, की आकडा डबा भरला त्या दिवशीचा आहे. सोड्याची बाटली अठरा वर्षं पडून राहिली तर फेस राहतो का? पूर्वी या डब्याचं झाकण उघडलं की दोन गल्ल्या पलीकडे कळायचं. आता काही नाही. वास उडून गेलाय. वासच नाही, तर वाफ कुठली? शिवाय रविवारी चर्चला साठ वर्षं पूर्ण होत होती, आणि नव्या पाण्याच्या व्हार्निशला ती झळाळी येत नाही. पास्टरनी उघड्या लाकडावर हात ठेवून उभं राहायचं, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांचं प्रवचन ऐकण्यासाठी तो पहिल्या बाकावर बसत आला होता.

"म्हणून तर तुला म्हटलं, कागद बाजूला ठेव आणि हुंगून बघ," तो म्हणाला. मग त्याने स्वतः झाकण उचकटलं, नाक अगदी डब्यात घातलं, छाती भरून श्वास घेतला आणि मान वर केली. "बघ. पाणी."

लोर्ना दोन पावलं मागे सरकली. तिच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं. तिला वाटलं होतं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

भिंतीपलीकडे पास्टरांची तालीम चालली होती. त्यांचं प्रवचन बोलण्यातून सुरू व्हायचं, मग शब्दांना हेलकावा यायचा, आणि शेवटी सगळं गाणंच होऊन जायचं. चारी दिशांच्या वाऱ्याला हाक मारायची ती जागा आली. सूर वर गेला, वर गेला आणि तुटला. मग खोकला ऐकू आला.

डीकनने डोळे मिटले. "तिथंच अडकतायत. कधी अडकले नाहीत हो तिथं."

"कधीपासून?" लोर्नाने विचारलं.

"काल दुपारपासून. बर्फाचं पाणी पितात, दुसरं काय. ऐकत नाहीत."

"आणि तुम्ही ब्रश कधी हातात घेतलात, डीकन?"

त्याने डोळे उघडले. ब्रशकडे पाहिलं. मग व्यासपीठाकडे. पलीकडे पुन्हा तीच ओळ सुरू झाली होती, आणि पुन्हा तिथंच तुटली.

तो सावकाश वाकला. झाकण ठेवलं, हातोडी घेतली आणि कडेकडेने ठोकत गेला. पूर्ण फेरा झाल्यावर आणखी एक फेरा ठोकला. डबा त्याने पायानेच लोर्नाकडे सरकवला. तिने नमुन्याची चिठ्ठी चिकटवली. नोटीस कोणाच्या नावाने लिहायची, हे ती विचारणार होती. तिने विचारलं नाही.

तेवढ्यात चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर वर्डेल आली. हातात झाकलेली थाळी, वर चंदेरी कागद, कडेने वाफ. आल्या आल्या तिने नाकाला पदरासारखा एप्रन लावला. दोन दिवस ओरडतेय, सैतानसुद्धा पळेल या वासाने, पण या चर्चमध्ये बायकांचं कोण ऐकतंय, असं ती लोर्नाला सांगून मोकळी झाली. मग थाळी डीकनच्या पुढ्यात ठेवली.

"ओळखा बरं, काय आणलंय."

लोर्नाला ते दारातूनच कळलं होतं. दालचिनी, लोणी आणि उकळून गोड झालेले पीच. व्हार्निशच्या वासालाही ते पुरून उरलं होतं.

डीकन थाळीवर वाकला.

"शुक्रवार आहे, म्हणजे नेहमीचीच," तो म्हणाला. "मासळी."

वर्डेल खो-खो हसली. "मासळी म्हणे! लोकांसमोर थट्टा पुरे हो." आणि तिने कागदाच्या टोकाला हात घातला.

त्याने तिचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "अजून उघडू नकोस."

आणि तो पुन्हा खाली वाकला.