कापसाचं आदिलाबाद, थांबे पाच

"आला!" रश्मी फोनवर कुजबुजली. "निळा शर्ट. नऊला म्हणजे नऊलाच आला, प्रगती!"

"मंग पाह्य आता पोटभर," पलीकडून चुलत बहीण हसली. "फक्त स्कार्फ सोडू नको."

स्कार्फ सोडायचा प्रश्नच नव्हता. उन्हापायी आदिलाबादच्या निम्म्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात. त्यांतलीच ही एक, कोण ओळखणार?

उटनूरच्या एका कचेरीत कारकून असलेल्या हर्षदीपचं स्थळ रश्मीला आलं होतं. पोह्यांची बशी घेऊन चार माणसांपुढे बसणं आपल्याला जमणार नाही, असं तिनं वडिलांना ठणकावून सांगितलं होतं. गेल्या वर्षी एकदा बसली होती. पाहुण्यांनी तिच्यापेक्षा भिंतीवरचा टीव्हीच जास्त पाहिला. यंदा तिची अट साधी होती, आधी मी पाहीन आणि मग ते. मनासारखा निघाला तर हो, नाहीतर हा विषय कायमचा बंद.

रश्मी शाळेत इतिहास शिकवायची. मुलांना आपलं शहर आपणच फिरून पाहता यावं म्हणून तिनं एक फेरी बनवली होती. कापसाच्या पाच जागा, पाच भिंतींवर पाच कागद. कागदावरच्या चौकटीसमोर मोबाइल धरला की तिच्या आवाजात त्या जागेची गोष्ट सुरू व्हायची. प्रगती हर्षदीपच्याच कचेरीत होती. "ओळखीच्या एका मॅडमनं बनवलं, रविवारी फिरून सांगा कसं वाटते," अशी तिनं त्याला गळ घातली. मॅडम कोण, हे अर्थातच गुलदस्त्यात.

पहिला थांबा जुन्या जिनिंग मिलचं फाटक. हर्षदीपनं आवाज इतका मोठा लावला की दोन हमाल, पानवाला आणि कापडी पिशवी घेतलेली एक पांढऱ्या केसांची बाई, सगळेच ऐकत उभे राहिले. स्कार्फच्या आत रश्मीला घाम फुटला. पण वर्गाबाहेर तिची गोष्ट पहिल्यांदाच कोणीतरी ऐकत होतं, आणि तिला ते फार फार आवडलं.

दुसरा थांबा मार्केट यार्ड. "इथं आलेल्या मालाची नोंद आहे," रश्मीचा आवाज सांगत होता, "तो वेचणाऱ्या बायांची नावं मात्र कुठंच नाहीत." हर्षदीपनं तेवढं वाक्य पुन्हा लावलं.

"दोनदा ऐकलं त्यानं!" रश्मीनं प्रगतीला कळवलं आणि मागे वळली, तर ती पिशवीवाली बाई समोर उभी.

"पोरी, एवढी चिठ्ठी वाचून दे व माय. गोया कवा घ्याच्या लिवल्या?"

"सकाळी एक, संध्याकाळी एक. जेवण झाल्यावर, मावशी."

बाई क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिली. "गोड आवाज हाये तुहा," म्हणाली आणि चिठ्ठी पदरात खोचली.

तिसऱ्या थांब्यावर गादीवाल्या काकांना नमस्कार करून त्यांचं काम विचारा, असं रश्मीनं मुद्दामच सांगून ठेवलं होतं. बघू तरी, साहेब वाकतात का! हर्षदीप वाकला, एवढंच नाही तर चक्क मांडी घालून बसला आणि कापूस पिंजायला लागला. केसांत, मिशांत, सगळीकडे कापूस. स्वतःवरच तो इतका मोकळा हसला की रस्त्याच्या पलीकडे रश्मीलाही हसू आवरेना.

तो पुढे निघाला तशी ती लगबगीनं उठली, पण पुन्हा मावशी आडवी आली.

"त्या कोपऱ्यापोत हात धरून चाल व. गाड्या लय येऊन राह्यल्या."

आता हा हातचा निसटणार! रश्मीचा जीव वरखाली झाला. पण नाही कसं म्हणणार? मावशीच्या चालीनं, एकेक पाऊल टाकत ती कोपऱ्यापर्यंत गेली. सुदैव तिचं. चौथा थांबा असलेल्या कापडाच्या दुकानापुढे हर्षदीप अजून उसाचा रस पीत उभा होता, जणू त्याला कसली घाईच नव्हती.

पाचवा थांबा गोधड्यांची गल्ली. बाया दारात बसून टाके घालत होत्या, आणि त्यांच्यातच ओट्यावर मावशी टेकलेली.

"पिशवीचा बंद तुटला पाह्य. डोये चालत नाही, दोरा ओवून दे."

रश्मीनं दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं, चिमटीत पिळलं आणि एका दमात ओवलं. नजर मात्र सगळा वेळ भिंतीजवळच्या निळ्या शर्टावर. फेरी संपली होती. हर्षदीपनं खिशातून पेन काढलं, कागदाच्या तळाशी काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

ती धावतच तिथं पोचली. लिहिलं होतं, "लवकर संपलं. अजून ऐकायचं होतं."

गल्लीत माणसं नसती तर रश्मी तिथंच नाचली असती.

घरी पोचताच तिनं वडिलांपुढे फर्मान सोडलं, "बाबा, तुमची दरखास्त मंजूर!"

उभा जन्म तहसीलात काढलेल्या नागोरावांना ही भाषा बरोबर समजली. त्यांनी ताबडतोब उटनूरला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"जय भीम जी. आमची पोरगी राजी हाये. मंगळवारी पाह्यले या मंग."

"जय भीम भाऊ. मी जयवंताबाई, पोराची आत्या."

पाण्याचा पेला रश्मीच्या ओठांपाशीच थांबला.

"आता पाह्याचं काय राह्यलं?" आत्या खुशीत बोलत होती. "मोबाइलातला आवाज अन् चिठ्ठी वाचनारा आवाज एकच, तवाच वळखली मी तुमची मास्तरीण. वाचून झालं, चालून झालं, दोराबी पयल्याच खेपेले ओवला पोरीनं. तोंड तेवढं राह्यलं. मंगळवारी स्कार्फ सोडून बस म्हणा तिले!"