फुकटचा पहारेकरी

"फुकटचा पहारेकरी काय कामाचा हो सर?" खुर्चीत बसता बसता अप्पाराव हेडमास्तरांना म्हणाले आणि त्यांनी विमलाकडं असं बघितलं, जसं काही तिनंच तो आणून बसवला.

सेलूच्या त्या शाळेत कॉम्प्युटरचं नवं मशीन कालच आलं होतं. ते चालवणाऱ्या नव्या डॉस प्रणालीत व्हायरस पकडायची सोय कंपनीनंच घालून दिलेली. अप्पारावांचं पित्त खवळलं ते इथंच. दोन वर्षं एसटीनं जिल्हाभर फिरून शाळा-कचेऱ्यांची मशीनं तेच साफ करत होते. खिशात व्हायरसवरच्या दव्याची एकच फ्लॉपी, तोंडी एकच हुकूम: चपला बाहेर काढा. लोक बिचारे पाय धुऊन आत यायचे, त्यांना डॉक्टर म्हणायचे. आता कंपनीच दवा द्यायला लागली तर डॉक्टरला विचारतो कोण?

विमला शाळेची टायपिस्ट. जुन्या मशीनमधले दहावीचे मार्क गेल्या महिन्याभरात दोनदा उडाले होते. दोन्ही वेळा अप्पारावांनी छातीठोकपणे सांगितलं, की बाई घरून फ्लॉपी आणतात, रोग त्यातूनच येतो. हेडमास्तर दिनकररावांनी तिला आज ती फ्लॉपी घेऊन बोलावलं होतं. आज खुलासा पटला नाही तर तिची नोकरी जाणार होती.

पण अप्पारावांना आधी कंपनीची जिरवायची होती. असला आयता पहारेकरी ठरलेले चार चोर ओळखतो अन् पाचव्याला सलाम ठोकतो, असं त्यांनी तावातावानं सांगितलं. मशीनला आपला माणूसच पाहिजे. त्यांनी स्वतःचा दवा चढवायला फ्लॉपी आत सारली.

आधी पहारेकऱ्याला ती तपासू द्या, असं दिनकरराव म्हणाले.

अप्पाराव हसले. डॉक्टरची पिशवी तपासायची हौस असंल तर तपासा, म्हणाले.

मशीन किंचाळलं. पडद्यावर चौकट आली: व्हायरस सापडला.

अप्पारावांना पट्टी आठवली. फ्लॉपीवर बाहेरचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून तिच्या खाचेवर पट्टी चिकटवतात. नवा दवा भरताना त्यांनी ती सोलली होती आणि परत लावायचं राहूनच गेलं. तेव्हापासून महिना झाला, तीच उघडी फ्लॉपी मशीनामागून मशीनात जात होती. पण जीभ कुठली ऐकायला!

"हे खोटं बोंबलायलंय, सर. फुकटचं असंच ऱ्हातंय. कोणतीबी फ्लॉपी घाला, हेच म्हणंल."

दिनकररावांनी विमलापुढं हात केला. तिनं फ्लॉपी दिली.

"मग हिची घाला."

तपासणी सुरू झाली. दोन वर्षं व्हायरसला शिव्या देणाऱ्या अप्पारावांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले, एक तरी सापडू दे रे बाबा.

मशीन गप्प राहिलं. पडद्यावर शून्य आलं.

 विमलानं पदर तोंडाला लावला. दिनकररावांनी अप्पारावांची फ्लॉपी उचलून धरली.

"अप्पाराव, सकाळी हीच फ्लॉपी कुठं घातली होती?"

"वालूरच्या कचेरीत," अप्पाराव बोलून गेले.

तिथल्या मुंजाजी कारकुनाला, रोग त्यानंच आणला या अप्पारावांच्याच शब्दावर, सकाळी कामावरून काढून टाकलं होतं.