केकच्या जागी बिअर

आत्याने केकची बशी दारातूनच माघारी आणली आणि ओट्यावर ठेवली.

"केक बाहेर जाणार नाही," ती म्हणाली.

भाचा हातातलं फडकं धरून तसाच उभा राहिला. बाहेर मालक जेवण आटोपून गोडाची वाट पाहत होते. आज त्यांना केक आवडला, तर हॉटेलातला गोडाचा सगळा विभाग त्याच्या हाती येणार होता. नाही आवडला, तर पहाटे उठून पाव भाजणं होतंच. सहा वर्षं त्याने तेच केलं होतं. या चॉकलेट केकसाठी त्याने महिनाभर जिवाचं रान केलं होतं. वरचा सॉस तर आत्ता, अगदी शेवटच्या घटकेला तयार झाला होता. आत्याने सकाळी काढून दिलेली काळी बिअर आटवून आटवून त्याने तो केला होता.

"आत्या, गंमत करू नकोस. उशीर होतोय."

"गंमत करायला मी काय तुझी मेहुणी आहे?" बशीच्या काठावरचा सॉसचा थेंब तिने वाटेतच बोटाने टिपला होता. ते बोट ॲप्रनला पुसत ती मागच्या फडताळाकडे गेली.

दुसरं कुणी असतं, तर त्याने बशी उचलून स्वतःच बाहेर नेली असती. पण ही आत्या होती. कुठल्या गोडाबरोबर कुठली बिअर द्यायची, हे या हॉटेलात गेली वीस वर्षं ती ठरवत होती. तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. लोक लिंबाच्या पुडिंगबरोबर काळी बिअर मागायचे. ती हसून गव्हाची फिकट बिअर पुढे ठेवायची, आणि मग लोक तिचे पाय धरायचेच काय ते बाकी राहायचे. चीजकेकबरोबर चेरीची आंबटसर बिअर, हीसुद्धा तिचीच करामत. गोड आणि बिअर यांचा संसार असतो, असं ती म्हणायची; एकाने दुसऱ्याला सारखं दाबलं की संपलं. आणि बर्फासारखी थंड बिअर तर ती गोडाबरोबर कधीच देत नसे. "गारठली की तिची दातखीळ बसते," म्हणायची, "मग ती बिचारी बोलणार काय?" भाच्याला या बाईचा केवढा अभिमान होता! आज मात्र तिचा भयंकर राग आला.

तिने मेणाने बंद केलेली एक बाटली काढली. वर्षभर लाकडी पिंपात मुरलेली ही बिअर तिने स्वतःसाठी जपून ठेवली होती. तिला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. बूच निघालं. काळीभोर, दाट बिअर सावकाश एका लहान पेल्यात उतरली. मनुका, भाजलेली कॉफी, किंचित करपलेली साखर असा वास सुटला. रागावलेल्या भाच्याच्याही तोंडाला पाणी सुटलं, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला.

आत्या पेला घेऊन बाहेर गेली आणि दाराच्या काचेतून तो बघत राहिला. मालकांनी पेल्याकडे पाहिलं, मग बशी कुठे आहे म्हणून आत्याकडे पाहिलं. आत्या काहीतरी बोलली. मालकांनी एक घोट घेतला. एरवी जेवताना त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज ते गप्प झाले. दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. पेला संपायला दहा मिनिटं लागली. मग त्यांनी भाच्याला बाहेर बोलावलं.

"आत्या सांगताहेत, केक मागे ठेवायचं तूच ठरवलंस म्हणे. ही बिअर म्हणजेच गोड, तिच्या शेजारी काही ठेवलं तर तिचा अपमान होईल, असं म्हणालास."

भाच्याने आत्याकडे पाहिलं. ती टेबलावरचा चुरा झटकण्यात गर्क होती.

"स्वतःचा पदार्थ मागे घ्यायला मोठं मन लागतं," मालक म्हणाले. "केक मी उद्या खाईन. गोडाचा विभाग मात्र आजपासून तुझा."

तो आत आला. आनंद झाला होता, पण दुसऱ्याचा शर्ट अंगात घातल्यासारखं वाटत होतं. सॉस आता निवला होता. त्याने चमचाभर तोंडात घातला आणि धावत मोरी गाठली. कडूजहर! उकळत्या सॉसने जीभ पोळेल म्हणून त्याने तो चाखलाच नव्हता. बिअर आटली होती आणि तिच्यातला कडूपणा तेवढा मागे राहिला होता. हे मालकांच्या तोंडात गेलं असतं, तर पाव भाजायलाही कुणी उभं केलं नसतं.

आत्या मागे येऊन उभी राहिली होती.

"तुला तो थेंब चाखूनच कळलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी सगळा घोळ घातला आणि तू स्वतःची बाटली फोडून मला वाचवलंस. वर कौतुकही माझ्याच पदरात टाकलंस. वीस वर्षांत तू एकदासुद्धा चुकली नाहीस, आणि मी पहिल्याच दिवशी..."

आत्याने नुसती मान डोलावली असती, तरी तो जन्मभर तिचे गुण गात बसला असता. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"रडू नकोस. रडायचंच असेल तर मी रडते," ती म्हणाली. "सकाळी घाईघाईत मी तुझ्या हातात नुसती प्यायची, कडवट बिअरची बाटली दिली. ती आटवायची नसते, हे तुला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. चुकले ती मी, बाळा."