साडीचोळी

कंपनीच्या सुट्टीचा तिसरा गुरुवार त्याच एका घरापायी वाया गेला, तेव्हा प्रज्वलचं डोकंच सटकलं. बायकोला घेऊन पिंपळे गुरवहून चाकणपलीकडच्या त्या गावात यायचं, आणि दर वेळी घराच्या उताऱ्यावर ते विकायला काढलेल्या एकट्या सयाजीकाकांचंच नाव!

"अहो काका, घर तुमच्या वडलांचं. त्यात तुमच्या बहिणीचाही वाटा आहे. तिच्या सहीशिवाय मी घर घेतलं आणि उद्या ती कोर्टात गेली तर?"

"न्हाई जायची," काका निवांतपणे म्हणाले. "आमच्यात बहिणी हिस्सा मागत न्हाईत. दिवाळीला साडीचोळी करतो की आमी."

"साडीचोळी! कुठल्या जमान्यात राहता हो तुम्ही?"

प्रज्वल तणतणतच बाहेर आला. "कायदा म्हणून काही कळतच नाही या लोकांना," गाडी सुरू करता करता तो वर्षालीला म्हणाला.

वर्षाली मागे बसली. "अहो, तुमच्या बाबांचं गावाकडचं घर विकलंत, तेव्हा वन्संची सही घेतली होती का?"

"तिची कशाला?" प्रज्वल आणखीच वैतागला. "चांगली पैठणी नेसवली की तिला!"