मंठ्यावरून

"माय, समृद्धीनं दुपारच्या आत नागपूर येतं. तुला दादाच्या गेटवर सोडतो अन् तसाच परततो. वर न्हाई येणार मी," अंगद पुन्हा पुन्हा समजावत होता.

"मंठ्यावरून जुन्या रोडनं जाऊ," चतुराबाईचं एकच पालुपद.

"अगं, केवढा फेरा हाय तो! पोचायलाच रात्र व्हईल."

"होऊ दे."

"मंग मी जालन्याला कवा परतू?" अंगदनं वैतागून मोबाईल आपटला.

"तेच तर. एवढ्या रातीचं परतता यायचं न्हाई, मंग मुक्काम करशील. बोलणं बंद झाल्यापासून दोघं भाऊ संगं जेवले न्हाईत रे."

सकाळी चतुराबाई गाडीत बसली, तेव्हा मागच्या सीटवर अंगदच्या कपड्यांची बॅग होती.