गोधड्यांचा दिवस

वृषालीने मोठ्या वॉशिंग मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि दिवसभर गिऱ्हाइकाची वाट पाहिली. नवरात्र तोंडावर आलेलं, घरोघरी धुवायच्या गोधड्यांचे ढीग पडलेले, तरी एक बाई तिच्याकडे फिरकली नाही. दसऱ्यापर्यंत धंदा चालला नाही, तर चाकणला नोकरीला जायचं, असं वडिलांशी ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तणतणतच नदीवर गेली. गावातल्या साऱ्या बाया तिथेच धुणं आपटत होत्या.

"आत्या, इथं कंबर मोडून घेता, मग माझ्याकडे का येत नाही?" तिने शेजारच्या तानूआत्याला विचारलं.

"आले असते गं. पण वर्षातनं एकदा ह्या सगळ्याजणी निवांत भेटतात. मशीनला गोधडी देऊन मी घरी काय भिंतीशी बोलू?"

वृषाली ओल्या पायांनीच घरी पळाली. मशीनसमोर कडुनिंबाखाली तिने सतरंज्या अंथरल्या, चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि गावभर निरोप धाडला: गोधडी टाका, धुऊन होईपर्यंत इथंच बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सतरंज्या भरल्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस आटली, सगळं निघालं. तेवढ्यात मशीन थांबलं. वृषालीने तानूआत्याच्या हातात लख्ख गोधडी ठेवली. आत्याचा चेहराच पडला.

"इतक्यात झाली?" तिने गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि परत वृषालीच्या हातात कोंबली. "ही कड मळकीच राहिली बघ. टाक पुन्हा. आणि चहा ठेव."